अस्तरामागचं दार

माझी थोरली बहीण हॉल सजवते. भिंती कापडाने झाकायच्या, छताला झालरी लावायच्या, गंजलेलं, फुटकं काही म्हणजे काही दिसू द्यायचं नाही, हे तिचं काम. नवरा गेल्यावर ह्याच कामावर तिने एकुलत्या लेकीला वाढवलं. मी तिच्या हाताखाली शिवते आणि वर तिची बोलणी खाते.

सगळ्यात मोठं काम त्या जुन्या प्रदर्शनाच्या इमारतीचं. पूर्वी तिथे यंत्रांची प्रदर्शनं भरायची. ट्रक थेट आत यावेत म्हणून दोन्ही बाजूंना ही रुंद दारं! फरशीत अजून यंत्रांचे बोल्ट रुतलेत, मी कितीदा ठेचकाळलेय. प्रदर्शनं बंद पडली आणि तिथे लग्नं, संमेलनं, पार्ट्या सुरू झाल्या. मॅनेजर म्हणाला, "ताई, ती गंजकी दारं पाहुण्यांना दिसता कामा नयेत." ताईने दारांवरून भिंतभर जाड अस्तर ठोकलं, कायमचं. त्यावर दर कार्यक्रमाला नवं कापड. खालचं अस्तर कोण कशाला काढतंय?

त्या जागेशी माझं कधी जमलंच नाही. दारांच्या फटींतून वारा यायचा, कापडाच्या चुण्या हलायच्या आणि ताई चिडचिड करत खाली वजनं शिवायची. मग गेल्या वर्षी कापड हलायचंच थांबलं. एकदम गप्प. मला कसंसंच झालं.

"ताई, वारा कुठे गेला गं?"

"जळलं मेलं तुझं लक्षण! काम नीट झालं तरी कुरकुर. घडी बसली म्हण की आता!"

मी सुईत दोरा ओवला. तिच्यापुढे कोण बोलणार?

लेकीचं लग्न ठरलं आणि सासरच्यांनी नेमका तोच हॉल धरला. ताईला आनंदाने आभाळ ठेंगणं झालं. सगळ्या भिंती तिने फिक्या गुलाबी केल्या. भर दुपारी हॉल खच्चून भरला, लेक स्टेजवर बसली, आणि मला वायर जळाल्याचा वास आला. मी ताईकडे पाहिलं. तिलाही आला होता.

"इलेक्ट्रिशियन बघतोय," मॅनेजर हसत म्हणाला. "तुम्ही मुलीची आई, निवांत बसा." निवांत म्हणे! स्टेजवरचे दिवे मिणमिणायला लागले होते. बाहेर जायला समोरचं एकच दार, आणि तिथून माणसं अजून आतच येत होती.

"बाजूचं दार मोकळं करते," म्हणत ताई उठली. नव्या कपड्यांतही कात्री तिच्या कमरेला होतीच. स्टेजशेजारचं गुलाबी कापड तिने टराटरा फाडलं, अस्तरात कात्री खुपसली. कात्री खट्कन अडली. तिने आत हात घातला आणि तशीच उभी राहिली. मी जवळ जाऊन पाहिलं तर विटा. नंतर कळलं, पलीकडच्या बाजूला गोदाम काढायचं म्हणून त्या मेल्या मॅनेजरने गेल्याच वर्षी बाहेरून दार उखडून तिथे भिंत बांधली होती. मी दुसऱ्या बाजूच्या दाराकडे धावले, अस्तर फाडलं. तिथेही विटाच. वारा येणार कुठून!

ताई पांढरीफटक पडली. मग स्टेजवर चढली, लेकीचं मनगट धरलं आणि ओरडली, "सगळे बाहेर व्हा! आधी लहान मुलं!"

"शोभतं का हो हे?" विहीणबाई कडाडल्या. लेक रडकुंडीला आली. तेवढ्यात छताची एक झालर पेटली आणि मग कुणी काही विचारलं नाही. त्या एका दारातून आम्ही एकमेकांना ओढत, रेटत निघालो. कुणाचा हात मोडला, कुणाचे केस जळाले, पण निघालो सगळे. जिवावरचं शेपटावर निभावलं.

रस्त्यावर लेकीने तिला मिठी मारली. "आई, तुझ्यामुळे वाचलो गं."

ताईने तिला बाजूला केलं.

"आज तू होतीस तिथे, म्हणून मी आत हात घातला," ती म्हणाली. "इतकी वर्षं लोकांच्या लेकी बसत होत्या. तेव्हा एकदाही बघावंसं वाटलं नाही मला."