सुबहाच्या सावलीला आलेलं कासव

सुबहाचे गुडघे तीन वर्षांपासून धरले होते, पण माग काढायचा म्हणजे वाकावं लागतंच. तिचा बाप नावाजलेला मागकाढ्या. चोराची पावलं त्यानं ओळखली की वाळवंटातल्या त्यांच्या जमातीचे वडीलधारे त्याला शपथ घालत नसत. त्याचा शब्द पुरे असे. बापाला मुलगा नव्हता, म्हणून ती विद्या सुबहाकडे आली आणि लग्नानंतर चुकलेल्या शेळ्या हुडकण्यात खर्ची पडली. नवरा गेला, पोरी लांब दिल्या. सुबहाच्या पंचावन्नाव्या वर्षी कैरोची नर्मीन कासवांच्या शोधात कॅमेरा घेऊन आली, तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा तिला विचारलं, "खाला, कासवाचा माग ओळखता येईल?"

न ओळखायला काय झालं? तळहाताएवढं पिवळं कासव, आणि वाळूवर दोन रांगांत टाके घालत गेल्यासारखा माग. तिच्या लहानपणी ढिगानं होती. लोकांनी खोकी भरभरून विकली.

आता समुद्राकडून हॉटेलाची भिंत कुरणाकडे सरकत होती. कासव इथं अजून आहे असं दाखवा, मग जमीन राखून ठेवू, असं जंगलखात्यानं सांगितलं होतं. फोटो मात्र त्याच्या जागेवर, कुणी हात न लावता काढलेला हवा, आणि हे खरं आहे म्हणून कागदावर माग काढणारीचा अंगठा हवा. नाहीतर कुरण गेलं, म्हणजे सुबहाच्या शेळ्याही गेल्या. मुदतीचे दोनच दिवस उरले होते.

नर्मीन बॅटऱ्या भरायला गावात गेली होती. सुबहा एकटीच फिरून फिरून दमली आणि भर दुपारी उघड्या वाळूवर बसली. पाय चोळता चोळता तिला झग्याच्या घेराच्या काठाशी हालचाल दिसली. एक पिवळं कासव चालत चालत थेट तिच्या सावलीत आलं आणि मान आत घेऊन बसलं. वर दोन डोमकावळे त्याच्यावर टपून घिरट्या घालत होते.

हात लावायचा नाही, हे नर्मीननं रोज बजावलं होतं. पण सावलीला आलेल्याला उघड्यावर टाकून उठायचं, हे सुबहाच्या घरात कुणी केलं नव्हतं. तिनं विचारसुद्धा केला नाही. कासव बाहीत घातलं आणि तंबूकडे चालू लागली. अर्ध्या वाटेत आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं.

"बये, कमाल आहे तुझी!" तिची जाऊ मरजूका चहाची किटली आपटत म्हणाली. "आठवडाभर शेळ्या माझ्या गळ्यात, आणि तू पाहुणा घेऊन आलीस! पहाटे नेऊन ठेव जागेवर. कासव काय चहाडी करणार आहे?"

"ठेवते," सुबहा म्हणाली.

"आणि तोंड बंद ठेव. सत्यवचनी बापाची लेक!"

पहाटे तिनं कासव कालच्या जागेजवळच्या एका झुडपापाशी सोडलं. नर्मीन आली, पाहिलं, आणि तोंडावर हात दाबून मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी. मग पालथी पडून कॅमेरा रोखला. कासवानं मान बाहेर काढली, सुकं पान चावलं. याहून चांगलं चित्र कुणाला मिळालं नसतं.

सुबहा बघत उभी होती. तिला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

"पोरी, थांब. काल मी त्याला घरी नेलं होतं."

नर्मीननं कॅमेरा खाली केला. मग एकदम चिडली. "कशाला सांगितलंत, खाला? मी विचारलं होतं का?"

"अंगठा मागणारच होतीस."

"तुमच्याच शेळ्यांसाठी चाललंय हे सगळं!"

"ते मला ठाऊक नाही होय?"

कासव हळूहळू झुडपात शिरलं. नर्मीननं बाहीनं नाक पुसलं, भिंगाला झाकण लावलं.

"दुसरं असेल का?"

"असेल. मादी आहे ही, नर कुठंतरी जवळ फिरत असेल. पण माझे पाय आता चालत नाहीत बघ."

नर्मीननं पाण्याचा डबा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि मोकळा हात पुढे केला. सुबहानं तो धरला, कण्हत उठली, आणि ऊन चढायच्या आत वाळू वाचायला वाकली.