बायोडेटातली कानडी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. शाळेच्या सहलीत पांढरी चादर पांघरून, भूत होऊन मुलींना घाबरवणारी मीच! आणि आता मीच हे लिहायला बसलेय... हसा खुशाल.

मी कोरेगावची, वय अठ्ठेचाळीस. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात वीस वर्षं नंबर लावायचं काम केलं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि मी घरात भिंतींशी बोलू लागले. सांगलीला दिलेली माझी लेक स्वप्नाली म्हणाली, "आई, इकडे ये. मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, रिसेप्शनिस्ट लागतातच." आले तिच्याकडे, अकरा ठिकाणी अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही.

मग लेकीने बायोडेटा हातात घेतला. "अगं, जाहिरातीतले शब्द आपल्या कागदात दिसायला हवेत. कीवर्ड म्हणतात त्यांना. आधी कॉम्प्युटरच चाळणी लावतो."

काय नटवलं तिने मला! नंबर लावणं झालं 'अपॉइंटमेंट शेड्यूलिंग'. मधे घुसणाऱ्यांवर खेकसणं — 'क्यू मॅनेजमेंट'! "पण जे येतं तेच लिहायचं हं, आई," असं बजावून ती चहा टाकायला उठली. जाहिरातीत एक शब्द उरला होता — कन्नड. मिरजेला सीमेपलीकडचे पेशंट येतात, त्यामुळे तिथे ती लागतेच. मला कानडीत पाणीसुद्धा मागता येत नाही. तरी मी तो शब्द गुपचूप टाकला.

तिसऱ्या दिवशी फोन!

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला गेले. हॉस्पिटलच्या मॅडम म्हणाल्या, "आमची कानडी बोलणारी मुलगी लग्न होऊन गेली. आज दुपारपर्यंत काउंटरला बसा, मग बघू."

अकराच्या सुमारास एक आजी आल्या. हिरवं इरकली लुगडं, रुपयाएवढं कुंकू, हातात डबा.

"बाई, माजा मानूस वर हाय. जेवला का त्यो?"

मला वाटलं, आमच्या कोरेगावकडच्याच. नाव विचारून मी वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "दोन चमचे पेज घेतलीय. डॉक्टर राउंडला आहेत, नंतर बोलतील."

"जेवले हो, आजी!"

त्यांचा चेहरा असा उजळला म्हणता... "मंग जाऊ का घरला? म्हस तटून बसली आसंल. दुसऱ्या कुनाला धार काढू देत न्हाई ती."

आता इथे 'डॉक्टरांना विचारते, बसा' म्हणायचं की नाही? पण मी रंगात आले होते. "जावा बिनघोर. बरं हाय त्यांचं. उद्या सकाळी या." आजींनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि गेल्या.

मागून मेडिकलवाला ओरडला, "मॅडम, काय फर्डी कानडी हो तुमची!"

मी हसले. चेष्टा वाटली. पण मॅडमही खूश होऊन बघत होत्या. बाकावरचा एक माणूस उठून आला आणि मला काहीतरी विचारू लागला — कानडीत. एक अक्षर कळलं नाही. मी त्याला मेडिकलवाल्याकडे बोट दाखवलं.

नोकरी मला मिळाली; कानडी पेशंट आला की मी त्याला मेडिकलवाल्याकडेच पाठवायची. आजींचे यजमान त्याच दिवशी दिवेलागणीला गेले. आजी जवळ नव्हत्या. "डॉक्टर त्यांना थांबवणार होते," सिस्टर म्हणाल्या, "कुणी घरी पाठवलं कोण जाणे." मी रजिस्टरमध्ये तोंड घातलं.

पंधरा-वीस दिवसांनी आजी मृत्यूचा दाखला न्यायला आल्या. कपाळ मोकळं. काउंटरवरचा माझा हात धरून बोलू लागल्या. हळू, सावकाश. राग नाही, रडणं नाही. आणि सगळं कानडीत! मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले — आता मराठी होईल, आता होईल... नाही झालं. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. आवाज वर गेला, आणि त्या थांबल्या. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनीही हलवली, दाखला कमरेला खोचला आणि गेल्या.

"काय म्हणत होत्या हो?" मॅडमनी विचारलं.

"मला कानडी येत नाही," मी म्हटलं. सगळं सांगितलं आणि संध्याकाळी नोकरी सोडली.

आता सांगलीत एका दातांच्या डॉक्टरांकडे आहे. क्यू मॅनेजमेंट जोरात चालू आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून ती भाषा कशी आली, हे मी जाणत्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. त्याचं उत्तर नाही मिळालं तरी चालेल मला.

पण त्या माउलीने शेवटी काय विचारलं असेल हो? आणि मी कशाला हो म्हटलं?