व्हर्ना स्टॉकर्डचं न सांगितलेलं मागणं

व्हर्ना स्टॉकर्ड भित्री आहे, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. पश्चिमेला काळा ढग दिसला की ती शिलाई मशीनची वायर भिंतीतून काढायची, बायबल आणि बॅटरी पिशवीत घालायची आणि मागच्या अंगणात वादळासाठी खणलेल्या तळघरात जाऊन बसायची. बहुतेक वेळा ढग नदीपलीकडे निघून जायचा. ती वर आली की कुंपणापलीकडून कुणीतरी विचारायचंच, "काय व्हर्ना, तुफान कसं होतं?" ती म्हणायची, "छान झोप लागली." बोलायची कमी, पण एखादं वाक्य असं टाकायची की समोरचा गप्प व्हायचा.

माझं आणि तिचं घर लागून. चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेची वही मी ठेवते, सतरा वर्षं झाली. कोण आजारी, कुणाचा मुलगा सैन्यात, कुणाची शस्त्रक्रिया कधी, सगळं रोज सकाळी लिहून काढते आणि नावं घेऊन प्रार्थना करते. त्या वहीत व्हर्नाचं नाव सगळ्यांत जास्त वेळा आहे. तिचा नवरा रॉईस लाकडाचा ट्रक चालवायचा. सहा वर्षांपूर्वी वळणावर ओंडके सुटले आणि ट्रक उलटला. त्या सकाळी तिने त्याला "आज नको जाऊस, रस्ता ओला आहे" असं म्हटलं होतं, आणि तो हसून गेला होता. त्यानंतर तिच्याजवळ उरला एकुलता मुलगा, लॅनी.

ती कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या जर्सी शिवायची. दर जुलैत कोच बोहॅनन दोन मोठ्या पिशव्या तिच्या मागच्या व्हरांड्यात आणून टाकायचा. गेलेल्या पोरांची नावं पाठीवरून उसवायची, आलेल्यांची बसवायची. त्यामुळे येत्या मोसमात संघाचं काय होणार हे वर्तमानपत्राच्या आधी व्हर्नाच्या मांडीवर कळायचं. या वर्षी मी तिच्याजवळ बसून टाके ओढत होते, तेव्हा ऐंशीच्या पुढच्या नंबरांच्या चार जर्सी एकामागून एक निघाल्या. लांब धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्या पोरांचे ते नंबर. दोघं शिकून बाहेर पडले, एकाला मोठ्या कॉलेजने ओढून नेलं, एकाचा गुडघा गेला.

"म्हणजे झेलायला राहिलं कोण?" मी विचारलं.

कोच दारातच उभा होता, टोपी हातात. म्हणाला, "मिस ओपल, फेकणारा आहे माझ्याकडे. देवाने सोन्याचा हात दिलाय पोराला. पण समोर कुणी नसेल तर तो चेंडू काय पाद्रीबाबांकडे फेकणार? एक लॅनी आहे. बाकीच्या तिघांना अजून दाढी यायची आहे." मग व्हर्नाकडे वळून म्हणाला, "तुझा पोरगा यंदा माझा पहिला नंबर आहे. चौऱ्याऐंशीवर स्टॉकर्ड नीट बसव, शनिवारी सगळा जिल्हा वाचणार आहे."

व्हर्ना हसली नाही. तिने धागा दातांनी तोडला आणि ती म्हणाली, "बसवते."

तेव्हा मला तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर दिसलं, पण ती नेहमीचीच भीती आहे असं मी समजले.

व्हर्ना सामन्याला कधी जायची नाही. मैदान आमच्या घरांपासून अर्ध्या मैलावर. शनिवारी दुपारी ती व्हरांड्यात बसून शिवायची आणि आवाज ऐकायची. ओरडा झाला की मशीन चालूच. पण सगळं मैदान एकदम गप्प झालं की तिचा पाय पेडलवरून उचलला जायचा. दहा हजार माणसं एकाच वेळी गप्प होतात ती एकाच कारणाने, गवतावर कुणीतरी पडलेलं असतं आणि उठत नसतं. एप्रिलमधल्या सरावाच्या सामन्यात असंच गप्प झालं होतं. पडलेला लॅनी होता. उंच उडी मारून चेंडू झेलला, आणि खाली आला तो डोक्यावर. मग उठला, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोचने विचारलं तर म्हणाला, "ठणठणीत आहे."

पुढचं व्हर्नाने मला नंतर सांगितलं, पण झालं ते असं.

जूनमध्ये जेवताना लॅनीने जगमधून थंड चहा ओतला तो ग्लासाच्या शेजारी, टेबलावर. दोघंही त्या पसरणाऱ्या चहाकडे बघत बसले.

"किती दिवस झाले?" व्हर्नाने विचारलं.

"रोज नाही होत. दमलो की होतं. एकाचे दोन दिसतात."

"चेंडूसुद्धा?"

"दोन दिसले तर दोन्हीला हात घालायचा, आई. एक तरी खरा असतोच."

तिला हसू आलं नाही हे बघून त्याने तिचा हात धरला. कोचला सांगितलं तर तो मला बसवून ठेवील, म्हणाला. तीन वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभा राहिलोय, पहिल्यांदा वाट मोकळी झाली आहे. तू सगळ्यालाच घाबरतेस. एकदा माझ्यासाठी गप्प राहा. आणि त्याने तिच्याकडून वचन घेतलं, कुणालाही सांगणार नाही असं.

व्हर्ना वचन मोडणारी बाई नव्हे. पण माणसाला सांगता येत नाही ते देवाला सांगता येतंच. आमच्या चर्चमध्ये बुधवारी जेवणानंतर कार्डं फिरतात, त्यावर आपापलं मागणं लिहायचं. ज्याला उघड करायचं नसेल त्याने नावापुढे नुसतं 'न सांगितलेलं' असं लिहावं. त्यावर कुणी विचारायचं नाही, फक्त प्रार्थना करायची. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी व्हर्नाचं कार्ड आलं, 'न सांगितलेलं'. दुसऱ्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी तेच.

आता माझी चूक लिहिते. गुरुवारी सकाळी मी फोनची साखळी सुरू करते. मी एकीला सांगायचं, तिने पुढचीला, अशा वीस बायका. तिसऱ्या आठवड्यात मी फोनवर म्हणाले, "व्हर्नाचं तेच आहे पुन्हा. लॅनीचंच असणार. पोराच्या हातून चेंडू सुटू नये, दुसरं काय? त्याच्या हातांसाठी मागा." 'न सांगितलेलं' याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं मी धरून चालले. साखळीच्या शेवटच्या बाईपर्यंत ते पोचलं तेव्हा ते माझं अनुमान राहिलं नव्हतं, व्हर्नाचं मागणं झालं होतं.

पहिल्या सामन्याच्या आदल्या बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. तळलेली कोंबडी, शेंगांची भाजी, केळ्याचं पुडिंग. कोच बोहॅनन आला होता, लॅनीही आला होता, व्हर्ना मागे वाढायला उभी होती. कार्डं गोळा झाली आणि आमचा पाद्री ब्रदर होलिस याने व्हर्नाचं चौथं कार्ड हातात घेतलं. "आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे या बहिणीच्या मनात काय आहे," तो प्रेमाने म्हणाला. "लॅनी, बाळा, पुढे ये."

खुर्ची मधे ठेवली. लॅनी बसला. आम्ही उठून त्याच्याभोवती गेलो आणि हात ठेवले, कुणी खांद्यावर, कुणी पाठीवर. मी त्याला तान्हा असताना मांडीवर घेतलं होतं, म्हणून मला जागा दिली. मी हात त्याच्या डोक्यावर ठेवला. पियानो सुरू झाला. ब्रदर होलिस मोठ्याने मागू लागला, हे प्रभू, या हातांना बळ दे, या पायांना वेग दे.

माझ्या तळव्याखाली ते डोकं हळूहळू एका बाजूला जाऊ लागलं. आधी वाटलं, पोरगा भारावलाय. मग बघितलं तर त्याने खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी अशा धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली होती. तरी हात काढायचं मला सुचलं नाही.

"त्याच्या डोक्यावरचा हात काढ, ओपल."

व्हर्ना वाढायचा मोठा चमचा हातात घेऊनच पुढे आली होती. पियानो थांबला.

"तुम्ही चुकीचं मागताय," ती म्हणाली. "सगळेजण."

"आई." लॅनीचे डोळे मिटलेलेच होते. "तू वचन दिलं होतंस."

"दिलं होतं. ते मोडल्याचं मी वर देवाला उत्तर देईन." ती कोचकडे वळली. "याला एकाचे दोन दिसतात. एप्रिलपासून."

चर्चचा कारभार बघणारे आमचे सर्वांत म्हातारे डीकन, मिस्टर युएल, समजुतीने हसले. "अगं व्हर्ना, तू तर ढग दिसला तरी तळघरात जातेस."

"जाते, मिस्टर युएल. दहातले नऊ ढग निघूनच जातात, मला ठाऊक आहे. मी दहाव्यासाठी बसते."

कोचने हातातली कागदी थाळी खाली ठेवली आणि तो लॅनीसमोर गुडघ्यावर बसला. "पोरा, खरं आहे?"

लॅनीने होकारार्थी मान हलवली.

"आणि मी तुला तीन आठवडे रोज त्या दांडग्यांच्या मधून पळवतोय," कोच म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी सांगितलं, या मोसमात खेळायचं नाही. पुढचं महिन्याने बघू. मधे आणखी एक मार बसला असता तर काय झालं असतं, हे व्हर्नाने विचारलं आणि डॉक्टरांनी सांगितलं. तिने ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. या वेळी साखळीत मी कार्डावर होतं तेवढंच वाचलं.

शुक्रवारी कोचने चौऱ्याऐंशीची जर्सी परत आणली. लॅनीच्या जागी खेळणाऱ्या पोराच्या अंगाला दुसऱ्या नंबरची जर्सी बसत नव्हती. व्हर्नाने 'स्टॉकर्ड' उसवलं, एकेक अक्षर, आणि नवीन नाव बसवलं. अठरा वर्षांचा पोरगा, दाढी न आलेल्यांपैकी.

"याची आई कुठे असते?" तिने विचारलं.

"जॉर्जियात कुठेतरी. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि ते नाव तिने पुढच्या बुधवारच्या आपल्या कार्डावर लॅनीच्या नावाखाली लिहिलं.

शनिवारी दुपारी मी तिच्याकडे बसले होते. लॅनी पायरीवर होता, आमच्याकडे पाठ करून. बुधवारपासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ताटात वाढलेलं खायचा आणि उठायचा. मैदानावरून ओरडा यायचा तेव्हा त्याचे खांदे हलायचे, आणि व्हर्ना मशीन न थांबवता ते बघायची.

मग ओरडा चढत गेला, चढत गेला, लांब फेकलेल्या चेंडूबरोबर चढतो तसा, आणि मधेच तुटला.

व्हर्नाचा पाय पेडलवरून उचलला गेला. रस्त्यावरच्या झाडातला एक पक्षी तेवढा ऐकू येत होता. लॅनी उभा राहिला. मैदानाच्या दिशेने बघत राहिला, मग मागे फिरून त्याने आईकडे बघितलं.

"चौऱ्याऐंशी असेल?"

"असेल," ती म्हणाली.

तो तिच्याजवळ येऊन खाली जमिनीवर बसला. तिने त्याच्या केसांत हात घातला नाही, नुसता खांद्यावर ठेवला. आम्ही तिघं तिकडे कान लावून बसलो, पुन्हा आवाज सुरू व्हायची वाट बघत.