त्या दिवशी पंक्चर झालं नव्हतं

हिंगणघाटात माझं कापडाचं दुकान आहे. पण खरा धंदा थापांचा. कापड आपलं जोडीला. वेणा नदीच्या पुरात एक म्हैस वाहत आली, आमच्या ओट्यावर चढली आणि तिनं परकराचं कापड मागितलं, असं मी सांगितलं की गिऱ्हाईक गंभीरपणे विचारायचं, "कोनता रंग घेतला मंग तिनं?" यात तोटा एकच झाला. माझी दोन्ही पोरं माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नसत. मी "जेवलो" म्हटलं तरी माझं ताट बघून यायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की छाती उघडावी लागेल. मी भ्यालो नाही. वाघ कधी भितो का? तीन दिवस जेवण गेलं नाही ते उन्हामुळे. चौथ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. मुलगी नागपुरात नोकरीला, मुलगा हैदराबादेत. दोघांशी मी जन्मात एक गोड शब्द बोललो नव्हतो. म्हैस सांगितली, माया सांगायची राहिली. आता लिहून ठेवू म्हटलं. पण माझं लिहिलेलं मानणार कोण? आणि मी गेलो, तर शपथ घ्यायलाही मी नसणार!

मग मला बायको आठवली. म्हणजे ती समोरच तांदूळ निवडत होती. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. तिच्या शब्दापुढं पोरं पंचांगसुद्धा मानत नाहीत. मी म्हटलं, "मास्तरीणबाई, मी लिहितो, तू तपास. खोटं दिसलं की खोड. उरलं ते खरं, अन् खाली तुझी सही."

"सारी वही लाल होईन," ती म्हणाली.

"होऊ दे."

मी लिहिलं, मुलगी झाली तेव्हा गावभर हत्तीवरून पेढे वाटले. तिनं खोडून लाल शाईत लिहिलं, 'हत्ती नव्हता, सायकल होती. पेढे नव्हते, गूळफुटाणे होते. पण वाटले, आणि रडत वाटले.'

"ते रडन्याचं काऊन लिवलं?"

"खरं हाये म्हनून."

मी लिहिलं, मुलगा दहावीत नापास झाला तेव्हा मी हेडमास्तरांना चीतपट केलं. तिनं लिहिलं, 'शाळेत गेलेच नाहीत. रस्त्यात थांबून मुलाला जिलेबी खाऊ घातली.' असं चाललं होतं. माझे हत्ती, पैलवान, पूर सगळे लाल शाईत बुडत होते आणि मी तिच्या अक्षरात भलताच बरा माणूस निघत होतो.

मग मी ते पान लिहिलं, ज्याच्यासाठी वही आणली होती. मुलगी पहिल्यांदा कॉलेजला नागपूरला निघाली, तो दिवस. स्टँडवर मी तिला म्हटलं होतं, "जा, घरातली कटकट कमी झाली." गाडी सुटली, मी स्कूटरला किक मारली आणि नागपूर रस्त्यावरच्या जाम गावापर्यंत तिच्या मागं गेलो. जामच्या चौकात गाडी थांबली. मी चहाच्या टपरीआड उभा राहिलो. गाडी हलली, तशी परत फिरलो. बस, एवढंच. एकही म्हैस न घालता.

बायकोनं अख्खं पान खोडलं. खाली लिहिलं, 'खोटे. त्या दिवशी स्कूटर पंक्चर झाली म्हणून उशिरा आले.'

"अवं, हे खरं हाये!"

"तुमीच तं सांगतलं होतं, खिळा घुसला म्हून. वीतभर खिळा!"

"तो खिळा खोटा होता."

"तवा खोटं बोलले का आता बोलून राह्यले?"

माझी तीस वर्षांची थापांची तपश्चर्या अशी नेमकी त्याच दिवशी फळाला आली. साक्षीदार म्हणावा तर टपरीवाला. त्याच्या जागी आता मोठा ढाबा उभा. पान खोडलेलंच राहिलं. ऑपरेशनच्या सकाळी वही पोरांच्या हातात दिली आणि मी आत गेलो.

माझ्या छातीतून वेणेतला दोन किलोचा मासा निघाला, असं मी अजून सांगतो. खरं एवढंच की चार-पाच दिवसांनी मला आयसीयूतून वॉर्डातली खाट मिळाली, आणि खाटेशेजारी मुलगी वही उघडून बसलेली होती.

"आई, तुहा लाल पेन दे बरं."

तिनं 'खोटे' या शब्दावर रेघ मारली, खाली काहीतरी लिहिलं आणि वही आईकडे दिली. बायकोनं मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचावं तसं. "बरोबर. मी मागच्या सीटवर होती. टपरी अरुंद होती, बाबांचं पोट दोन्हीकून दिसत होतं. ते डोळे पुसत होते."

मुलगा फिसकन हसला. मी छतावरचा पंखा फार बारकाईनं बघू लागलो.

"मंग इतके वर्ष सांगतलं काऊन नाई तू?" बायकोनं विचारलं.

"बाबा म्हनले असते, तो मी नव्हतोच."

हे मात्र शंभर टक्के खरं. बायकोनं चष्मा पुसला, पोरीच्या अक्षराखाली स्वतःची सही केली. मग माझ्याकडे वळली.

"अन् तो खिळा?"

"खिळ्याचं पान उद्या लिवतो," मी म्हटलं. "लय पानं कोरी हायेत अजून."

"लिवा," ती म्हणाली. पेनाला टोपण काही तिनं लावलं नाही.