कप्तानाचा कुत्रा, रोडेल आणि बाबा

रोडेलने तो कुत्रा खाल्ला नव्हता.

हे मला बाबा गेल्यावर कळलं.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून लिहितेय आणि पुसतेय. कुणाला लागेल असं काही आपल्या हातून लिहिलं जाईल याची मला फार भीती वाटते, ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून आधी रोडेलला विचारलं.

तो म्हणाला, "लिही. फक्त माझा फोटो टाकलास तर जुना टाक. केस असलेला."

बाबा बोटीवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होते. काही महिने समुद्रात, उरलेले हेदवीजवळच्या आमच्या घरी. शाळेत जायच्या आधी मला त्यांनीच शिकवलं. पडवीत जगाचा नकाशा पसरायचे, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर नारळ ठेवायचे, आणि एकेक देश दाखवायचे.

ग्रीक म्हणजे ओरडणारा.

रशियन म्हणजे बर्फात बनियनवर फिरणारा.

आणि फिलिपिनो म्हणजे रोडेल, त्यांच्या बोटीवरचा कुक.

माझा पहिला भूगोल हा असा.

रोडेलचा विनोद तर गावाला पाठ होता. ग्रीक कप्तान बोटीवर आपला छोटा कुत्रा घेऊन येतो. भर समुद्रात कुत्रा गायब. कप्तान ओरडत किचनमध्ये शिरतो. रोडेल शांतपणे पातेलं ढवळतोय.

"माझा कुत्रा कुठाय?"

"सर, आधी गरम गरम जेवून घ्या."

गणपतीत, लग्नात, कुठेही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचं, "तो कुत्र्याचा सांगा." आणि बाबा उठून हवेत पातेलं ढवळायला लागायचे.

कॉलेजात एका मुलीने आम्हा कोकणातल्यांच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसले. घरी येताना एसटीत मात्र मला सारखा रोडेल आठवत राहिला.

त्या सुट्टीत बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही इथे त्याचं काय सांगता, ते त्याला माहीत आहे?"

"काय गो, पोलीस झालीस काय?" म्हणाले, आणि हसले.

मग एका सकाळी बाबा चहा पिता पिता गेले. प्रश्न माझ्याकडे राहिला. बाबा ज्याला जिवलग म्हणायचे, त्याला पाठीमागे हसत होते का? असे होते का माझे बाबा?

सुतकातली एक दुपार. घरापुढच्या खळ्यात समाचाराला आलेली माणसं. आई कुणाशीच बोलत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत होती. बाबांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. रोडेल.

तात्याकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, फोनमध्ये डोकावून मोठ्याने म्हणाले, "गो, ह्यो तोच ना? कुत्रा खानारा?"

दोघंतिघं फिसकन हसली.

मराठी त्याला कळत नव्हती. पण हसू कळतंच.

स्क्रीनवर एक टकला म्हातारा. डोळे रडून सुजलेले.

"ते हसतायत," तो इंग्रजीत म्हणाला. "डॉग स्टोरी?"

मला खोटं बोलता येईना. "येस अंकल. सॉरी."

"सॉरी कशाला? ती आम्ही दोघांनी मिळून केलीय."

मग त्याने सांगितलं. कुत्रा बाबांच्या झोपायच्या बंकखाली बिस्किटं खाऊन झोपला होता. सापडल्यावर हे दोघे डेकवर बसून पोट धरून हसले, आणि एकाच कुत्र्याचे दोन विनोद केले. एक आमच्या गावासाठी, एक त्याच्या.

त्याच्या गावातल्या विनोदात कप्तान इंडियन बोसनला विचारतो, "माझा कुत्रा जिवंत आहे?"

बोसन नुसती मान हलवतो. आपण हलवतो ना, तशी. डावीउजवीकडे, तिरकी.

"यस ऑर नो?"

बोसन पुन्हा तशीच मान हलवतो.

"इथली शेंबडी पोरंसुद्धा तुझ्या बाबांना ओळखतात," रोडेल म्हणाला, आणि त्याने फोन फिरवला.

त्याच्या अंगणातही माणसं जमली होती. बायको, मुली, जावई, शेजारी. पांढरे कपडे घालून. आणि त्या सगळ्यांनी एकदम आपल्यासारखी मान हलवली. काहीजण डोळे पुसत होते.

खळ्यातली माणसं फोनभोवती गोळा झाली.

"आपली नक्कल करतायत काय?" तात्याकाका म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं.

तेवढ्यात आईने माझ्या हातून फोन घेतला. त्या माणसांकडे बघत राहिली. आणि तिने मान हलवली.

ती नक्कल करत नव्हती. आई 'हो' म्हणते ती अशीच.

तिकडे सगळे हसले, आणि मग रडायलाच लागले.

आई कितीतरी दिवसांनी बोलली. "जेवला काय, विचार गो त्याला."

चिपळूणला ऑफिसात एकदा मी तो विनोद सांगून पाहिला. बाबांची फार आठवण येत होती म्हणून. काहीजण हसले. एक मॅडम म्हणाल्या, "असं बोलू नये कुणाबद्दल."

त्यांचं बरोबर होतं. बाबा सांगायचे तेव्हा त्यात रोडेल असायचा, त्याची सगळी मैत्री असायची. माझ्या तोंडी फक्त एक कुत्रा खाणारा माणूस उरला.

वडिलांचा शर्ट वापरता येतो. त्यांचा विनोद नाही वापरता येत.

आता तो कुणी सांगत नाही. मीही आज इथे शेवटचा लिहिला.

सकाळी रोडेलचा फोन आला. आई आत वर्षश्राद्धाच्या तयारीत होती.

"यू ओके? मम्मी ओके?"

मी नुसती मान हलवली. तशीच, तिरकी.

त्याने 'यस ऑर नो' विचारलं नाही.

बाबा, दोन्ही गावांकडून तुम्हाला श्रद्धांजली.