मामांचा कान

आमच्या हिच्या थोरल्या मामांइतका स्वतःच्या कानावर भरवसा असलेला माणूस भोर आणि वेल्हे हे दोन तालुके पालथे घातले तरी सापडणार नाही. आंबवड्याच्या रस्त्याला त्यांची भातगिरण आहे. उभा जन्म त्या धडधडाटात गेल्यामुळे मामा साधी खुशाली विचारतात तीही पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशी. पण गिरणीचा पट्टा सैल झालाय की भात ओलं आलंय, हे दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगतात. "डोळं फसवत्यात जावईबापू, कान न्हाई फसवत," हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्याच लग्नाच्या मांडवात ऐकलं आणि त्यानंतर प्रत्येक भेटीत.

त्यांच्या घरात विजेवरची गिटार आली ती मुलाच्या हौसेने. त्याने ती एक सुट्टीभर वाजवली आणि नोकरीला बंगळूरला जाताना कपाटावर टाकून गेला. घरातली वस्तू नुसती बसून राहिलेली मामांना खपत नाही. त्यांनी ती खाली काढली, तारा आपल्या मनाने पिळल्या आणि वर्षभरात तिच्यावर अभंगांच्या चाली वाजवू लागले. भजनी मंडळाने आधी नाकं मुरडली. पण गिरण मामांची आणि भात सगळ्यांचंच, तेव्हा मृदंगाशेजारी गिटारला जागा झाली. टाळांच्या गजरात ती ऐकू येईना, म्हणून मामांनी आवाज वाढवणारा ॲम्प स्वतः जोडला, तोही ट्रान्झिस्टरवाला. काचेच्या नळ्यांचा ॲम्प जास्त गोड वाजतो म्हणतात, पण मामांना ते मान्य नाही. "नळ्या तापूस्तवर बसून ऱ्हायचं, फुटली की पुण्याला पळायचं. हितं लाईटीचा पत्ता नसतो. ह्यो आपला बटण दाबलं की कामाला."

या ॲम्पाला चार ओमाच्या खाली स्पीकर लावायचा नसतो; ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो कमी झाला की ॲम्पावर ताण येतो. मामांनी आवाज वाढावा म्हणून चार ओमाचे दोन स्पीकर शेजारीशेजारी जोडले. दोन मिळून आठ होतील असा त्यांचा हिशेब, झाले दोनच. कोंड्याच्या वासावर मात करील असा जळका वास सुटला. मामांनी दोन दिवस दाढी केली नाही, आणि भेटायला येईल त्याच्या तळहातावर ॲम्पातला तो बोटाच्या पेराएवढा जळका ट्रान्झिस्टर ठेवत राहिले. "पंगतीला तोंडं वाढली की चुलीवर वझं वाढतंय, तसंच ह्ये," असं तेव्हापासून ते सगळ्यांना समजावतात, जणू चूक दुसऱ्याच कुणाची होती.

ॲम्प पुढे दुरुस्त झाला. पण खरं वेड स्पीकर निवडण्याचं. भोरच्या बाजारात कलिंगड निवडावं तसा मामा स्पीकर निवडतात: टिचकी मारून, अंगठ्याने कागद दाबून, चक्क हुंगूनसुद्धा. एकदा पुण्याच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होतो. दुकानदाराने खास गिटारसाठी बनवलेला स्पीकर लावला. वरची किणकिण तो गाळून टाकतो, त्यामुळे ट्रान्झिस्टरचा आवाजही मऊ होऊन येतो, असं त्याने समजावलं. मामांनी एक तार छेडली. "तोंडात गूळ धरून बोलतोय," म्हणाले. शेवटी त्यांनी वरातीच्या गाडीवर असतो तसला, ट्विटरवाला, म्हणजे वरच्या किणकिणीसाठी वेगळा छोटा कर्णा असलेला स्पीकर पसंत केला. मी आणि दुकानदार कानात बोटं घालून उभे होतो. "आता कसं स्वच्छ," मामा म्हणाले. घरी त्याला फणसाच्या लाकडाचं खोकं केलं, कारण वीणा फणसाची असते.

त्या दिवसापासून मंडळाचे हाल सुरू झाले. वरची तार वाजली की दातांत कळ जायची. टाळकरी एकेक करून मागे सरकले, कुत्र्यांनी देवळाचं आवार सोडलं. पण मामांना सांगणार कोण? वयाने मोठे, मनाने त्याहून मोठे, आणि कान हा एकच अभिमान. मग पासली गावच्या सप्त्याचं आमंत्रण आलं, तेव्हा मंडळाच्या बुवांनी मामींना गाठलं. "वैनी, तिथं समदी परकी माणसं. कुणी तोंडावर बोललं तर मालक गिटार खाली ठिवतील, ती परत उचलायचे न्हाईत." टेम्पोत सामान चढवताना मामींनी खोक्याच्या वरच्या अंगाला, नेमकी ट्विटरवर, हिर्डोशीच्या धनगराकडची जाड घोंगडी टाकली. "वाटंला धूळ लई," म्हणाल्या.

पासलीला मीही बरोबर गेलो होतो. भजन असं रंगलं की बायाबापड्याही डोलायला लागल्या. मध्ये चहा आला तेव्हा मामांना घोंगडी दिसली. "आता कुठली धूळ?" म्हणत त्यांनी ती काढली आणि सहज एक तार छेडली. समोरची सगळी तोंडं वाकडी झाली. मामा थबकले. घोंगडी परत टाकून तीच तार छेडली, तोंडं सरळ. पुन्हा काढली, पुन्हा टाकली. त्यांना स्वतःला दोन्ही आवाज एकच वाटत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. गिरणीच्या धडधडाटाने त्यांच्या कानातले वरचे बारीक सूर कधीच कांडून नेले होते. मामांनी घोंगडी नीट पसरली आणि उरलेलं भजन वाजवलं.

आता गिटार पुन्हा कपाटावर जाणार, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण पुढच्याच आठवड्यात मामा मामींना घेऊन त्याच दुकानात हजर झाले. मलाही बोलावून घेतलं. मामींना स्टुलावर बसवलं आणि एकेक स्पीकर लावून मामा वाजवू लागले, नजर मामींच्या कपाळावर. आठी पडली की पुढचा. गिटारचा स्पीकर लागला तेव्हा मामींनी पदर सावरला आणि डोळे मिटले. "ह्योच द्या," मामा म्हणाले. हुंगलासुद्धा नाही. मामी माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "जन्मभर गिरणीत वरडून सांगितलं, एक ऐकलं न्हाई. आता गप बसले तरी कळतंय."

स्वारगेटला आम्ही भोरच्या गाडीची वाट बघत बसलो. स्पीकर मामांच्या मांडीवर होता. मामी पिशवीतून भाकरी काढत होत्या, आणि मामा त्यांच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले.

"तुझ्या बांगड्या अजून वाजत्यात का गं?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मामींनी हात त्यांच्या कानाशी नेला आणि हलवला. "वाजत्यात की," म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली, आणि भाकरी घेतली.