पट्टा लाकडात किती वेळ

उंब्रजला दादासोंच्या सॉ मिलमध्ये नाथाजी सुतारांनी एकोणतीस वर्षं लाकूड कापलं. सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायची, हात जोडायचे आणि मगच बटण दाबायचं, हा त्यांचा नेम. दुपारी जेवायला घरी आले की बायकोला, राहीबाईंना, कोणाचं काय कापलं ते सांगायचे. अमक्याची चौकट, तमक्याचा पाळणा. किती कापलं हे कधी त्यांच्या तोंडी आलं नाही, कारण तसं कोणी विचारलंच नव्हतं.

विचारणारा औंदा आला. दादासोंचा मुलगा वीरधवल पुण्याहून शिकून आला आणि त्यानं मशीनच्या मोटारीला मीटर जोडला. मोटारीवर जोर आला म्हणजे करवतीचा पट्टा लाकडात आहे, जोर नाही म्हणजे मशीन नुसतंच फिरतंय. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मोबाईल नाथाजींपुढे धरला.

"काका, आठ तासांत मशीननं दोन तास वीस मिनिटं काम केलंय."

"आन बाकीचं?"

"रिकामं."

दिवसभरात नाथाजींनी घटकाभर बूड टेकलं नव्हतं. "आवं धाकलं मालक, मी तर हितंच हुतो की!"

"तुम्ही होता हो. पट्टा लाकडात नव्हता."

मग त्यानं पुढचं सांगितलं. आठवड्यात आकडा चार तासांवर गेला नाही, तर हे मशीन लोणंदच्या एकाला देऊन टाकायचं आणि आपोआप चालणारं नवं आणायचं. त्याच्यावर शिकलेला माणूस येणार. नाथाजींनी फळ्यांच्या थप्प्या लावायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोणाचं काय कापलं ते न सांगताच ते जेवायला बसले. राहीबाईंनी खोदून विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हंजी भाकरी तव्यावर असती तेवढाच माझा सैपाक व्हय?" राहीबाई म्हणाल्या. "पीठ मळलं, चूल पेटवली, ते काय माझ्या सासूनं केलं?"

"तू थट्टा करू नगंस."

"थट्टा न्हाई. मला बी एक मीटर बसवा म्हणावं, बघू दे मी किती रिकामी हाय ते." पण बोलून झाल्यावर त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

रिकामा वेळ जातो कुठं, ते नाथाजी त्या दिवसापासून बघू लागले. परसातल्या झाडाच्या ओंडक्यात कपड्यांच्या दोरीचे खिळे राहिलेले असतात, ते चाचपण्यात जातो. ओंडका फिरवून मधली चीर कुठून कुठं गेली ते बघण्यात जातो. लाकडाच्या धन्याला काय करायचंय ते विचारण्यात जातो. त्यांनी सगळ्यातच काटछाट केली. आकडा तीन तासांवर गेला, मग सव्वातीनवर. वीरधवलनं पाठीवर थाप मारली. नाथाजींना बरंही वाटेना आणि वाईटही वाटेना.

पाचव्या दिवशी गावातल्या रंगुबाई टेंपोतून फणसाचा ओंडका घेऊन आल्या. वाऱ्यानं पडलेलं घरचंच झाड, त्याचं देवघराला दार करायचं होतं. "नाथा, फळ्या रुंद काढ रं. दोन फळ्यांत दार झालं पायजे."

"व्हय मावशी," म्हणत नाथाजींनी ओंडका आला तसाच चढवला. तो फिरवून चीर पट्ट्यासारखीच आडवी धरली असती, तर ती एकाच फळीत गेली असती. आता ती उभी राहिली आणि प्रत्येक फळी मधोमध चिरली. पाचवी फळी हातात आली तेव्हा कुठं नाथाजींच्या लक्षात आलं. आता चिरलेलं कापून बाजूला काढायचं आणि उरलेल्याच्या पट्ट्या करायच्या, दुसरा इलाज नव्हता. पट्टा दुपारपर्यंत लाकडातून बाहेर आला नाही.

"ह्या वीतभर रुंद पट्ट्यांचं दार करू व्हय?" रंगुबाईंचा आवाज चढला. "देवाला काय कोंबड्यांच्या खुराड्यात बसवू?"

संध्याकाळी मीटरवर चार तास दहा मिनिटं झाली होती.

"जमलं काका!" वीरधवल म्हणाला. "मशीन राहिलं!"

"न्हाई मालक." नाथाजींनी त्याला मशीनमागं नेलं. रोज भुश्शाची चार पोती निघत, आज सात भरली होती. "ह्यो बघा रंगुमावशीचा फणस. तुमचं मीटर म्हणतंय लय काम झालं. मावशी म्हणती वाटोळं झालं. आता माझं मलाच कळंना, मी आज काम केलं का न्हाई?"

वीरधवलनं पोती मोजली. मोबाईल बघितला, पुन्हा पोती मोजली. "म्हणजे चुकलं की आकडा वाढतो?"

"आज वाढला खरा."

"मग फळ्या मोजू?"

"पातळ फळ्या लय निघत्यात."

"मग मोजायचं काय, काका?"

नाथाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "एवढी वर्सं कापलं मालक, पण ते मला बी ठावं न्हाई." वीरधवलनं लोणंदला फोन लावला आणि मशीन इतक्यात देता येणार नाही, आमचंच अजून मोजून व्हायचंय, म्हणून कळवलं.

मशीन राहिलं. नाथाजींना मात्र आनंद कशाचा मानावा ते उमजेना. स्वतःच्या घरी सागाच्या दोन रुंद फळ्या होत्या. त्या रंगुबाईंना दारासाठी द्यायच्या एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं आणि राहीबाईंना कसं सांगावं, याचा विचार करत ते घराकडे निघाले.